बाईंच्या हातचं खत

एकोणीस वर्षं दर शनिवारी सकाळी आठला पंपहाउसमागच्या वाफ्यांचं फाटक एकाच बाईंनी उघडलं, आणि त्या एकोणीस वर्षांत त्यांना कुणी एकदाही ‘ताई’ म्हटलं नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढची सगळी भानगड तिथूनच सुरू होते.

मुलं त्यांना तोंडावर ‘बाई’ म्हणत आणि पाठ वळली की ‘गांडूळबाई’. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं, कारण ते नाव त्यांनी स्वतःच कमावलं होतं. पहिल्याच वर्गात तळहातावर मूठभर गांडुळं घेऊन त्यांनी ती मुलांच्या नाकापुढे धरली होती आणि म्हणाल्या होत्या, हे तुमचे गुरुजी, मी नुसती शिपाई. दोन मुली किंचाळत फाटकाबाहेर पळाल्या होत्या. त्यातली एक आता बेकरी चालवते आणि अंड्यांची टरफलं न चुकता बादलीत साठवून पाठवते.

जागा म्हणाल तर काही फार नव्हती. गावाचं पाणी पूर्वी जिथून टाकीत चढवत ते पंपहाउस कधीच बंद पडलेलं, त्याच्यामागे बारा वाफे, एक पत्र्याची खोली, दोन बाकं, आणि चापट मारल्याशिवाय पाणी न देणारा एक नळ. बाई आल्या तेव्हा तिथे फुटक्या काचा आणि सिमेंटची ढेकळं होती. पहिलं वर्ष त्यांनी आणि पाचसहा बिनकामाच्या माणसांनी नुसत्या काचा वेचल्या. मग माती आली, बी आलं, मुलं आली. आपल्या चालत जाण्याच्या अंतरात काय पिकतं ते आधी खावं, घरातलं ओलं घरातच कुजवावं, बी राखावं, पाणी मोजून घालावं, असं त्या शिकवत. शिकवण्याची पद्धत म्हणजे एकदा सांगायचं, दुसऱ्यांदा करून दाखवायचं आणि तिसऱ्यांदा ओरडायचं. लोक शिकले, यात शंका नाही.

आणि खत. खताच्या बाबतीत बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. गावाबाहेरच्या तबेल्यातून दर हिवाळ्यात घोड्यांची लीद येई, पालापाचोळ्याबरोबर थरावर थर लागत, आणि चारपाच महिन्यांनी त्याचं जे काही होई ते हातात घेतलं की खाली ठेवावंसं वाटत नसे. पण बाईंचा एक नियम होता, आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. घेवड्याला विचारल्याशिवाय नवा ढीग उघडायचा नाही. सहा कुंड्या घ्यायच्या, तिनांत खत मिसळलेली माती, तिनांत नुसती माती, आणि सगळ्यांत घेवडा पेरायचा. तिसरं पान सरळ पसरलं तर ढीग चांगला. पान मुठीसारखं आत वळलं, तर समजायचं की घोड्यांनी खाल्लेल्या गवतावर कुणीतरी तणनाशक मारलं होतं. ते घोड्याच्या पोटातून जातं, लिदेतून जातं, कुजूनही जात नाही, आणि टोमॅटो-घेवड्याचा जीव घेतं. एकोणीस वर्षांत घेवड्याने कधी नाही म्हटलं नव्हतं. तरी बाई दर वर्षी विचारत.

मग ताई आली.

म्हणजे नगरपालिकेने पत्र पाठवलं की वर्गाला कुणी शिकलेलं माणूस हवं, आणि वाफ्यांचं काम बघणाऱ्या समितीने शेतकी कॉलेजातून निघालेली एक सत्तावीस वर्षांची मुलगी आणून उभी केली. पायात आकाशी रंगाचे गमबूट. दुसऱ्या शनिवारी मुलं तिला ताई म्हणायला लागली. बाईंनी मनाशी म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. नऊ दिवस गेले, नव्वद गेले, वर्ष उलटलं, आणि नवलाई काही उतरेना.

ताई मुलांचे डोळे बांधून त्यांना पानं चाखायला लावी आणि ओळखायला सांगे. जमिनीवर खडूने अख्ख्या मुलुखाचा नकाशा काढून बाजारातली प्रत्येक भाजी कुठून आली तिथपासून दोरा ताणायला लावी, आणि मग हे दोरे तोडले तर आपण काय खाणार, असं विचारून गप्प बसे. मुलं विचार करत. ओरडावं लागत नसे. बाई पत्र्याच्या खोलीच्या दारात खुरपं घासत हे सगळं बघत आणि त्यांना दिसत होतं की पोरगी चांगलं शिकवते. खरं दुखणं तेच होतं. ती वाईट शिकवत असती तर बाईंनी तिला जीव लावला असता.

त्यात घरचा आहेर वेगळाच. बाईंची सून आठ वर्षं त्याच तीन खोल्यांत त्यांच्याबरोबर राहत होती. आठ वर्षांत तिने खुरप्याला हात लावला नव्हता. मातीचा वास आला की डोकं दुखतं म्हणे. आणि ताईने मोठ्या माणसांसाठी गुरुवारी संध्याकाळचा वर्ग सुरू केल्यावर पहिलं नाव कुणाचं? हिचं. डोकं दुखायचं थांबलं. जेवताना ताई म्हणतात हे आणि ताई म्हणतात ते. एका रात्री तिने ताटावरून सांगितलं की आई, कांद्याची सालं टाकून देऊ नका, ताई म्हणतात त्याचं उत्तम खत होतं. बाईंचा घास हातातच राहिला. एकोणीस वर्षं मी काय माश्या मारत होते, असं त्यांनी विचारलं. सून खरोखरच चकित झाली. म्हणाली, तुम्ही कधी मला बोलावलंच नाहीत. बाईंचे यजमान, बसडेपोतले निवृत्त मेकॅनिक, हसू लपवायला पाण्याचा तांब्या तोंडाला लावून बसले. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि सून खरं बोलली होती म्हणून जास्तच झाला.

हे असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे, पण हिवाळ्यात नगरपालिकेचं दुसरं पत्र आलं. जागेची जबाबदारी पुढच्या हंगामापासून एकाच माणसाच्या नावावर हवी. एक नाव, एक किल्ली. समितीचे अध्यक्ष एक निवृत्त पोस्टमास्तर होते, घरी चहा मागितला तरी नोटीस वाचल्यासारखा मागत. त्यांनी तोडगा काढला. बारा वाफे सहा-सहा वाटायचे. हंगामाच्या शेवटी सगळ्या गावाला बोलवायचं, पीक बघायचं आणि त्या दिवशी नाव ठरवायचं. दोघींनी माना डोलावल्या. ताई म्हणाली, नाव बाईंचंच असायला हवं, मी मदतीला राहीन. बाईंना वाटलं, बघा, मोठेपणाही हिलाच हवा.

हा वर्ग गेला तर बाईंकडे दुसरं काय होतं? पोटापाण्याचा प्रश्न नव्हता. पण शनिवारी सकाळी उठून जायला जागा नसलेली बाई कशी दिसते ते त्यांना आरशात बघायचं नव्हतं. फाटकाच्या आत त्या कुणीतरी होत्या. बाहेर त्या म्हणजे भाजी निवडणारी एक म्हातारी.

पेरणीच्या आधी ताईने विचारलं, नवा ढीग कधी उघडायचा. बाईंनी सांगितलं, येत्या शनिवारी घे. घेवडा त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीत लावलेलाच होता, शुक्रवारपर्यंत तिसरं पान येणारच होतं. स्वतःच्या सहा वाफ्यांना त्यांनी जुन्या ढिगाचं राहिलेलं खत आधीच घातलं होतं. त्यात कपट काही नव्हतं. जुना ढीग बाईंच्या वाफ्यांना लागून होता, एवढंच.

शुक्रवारी संध्याकाळी तिसरं पान आलं. नुसत्या मातीतलं सरळ, हिरवंगार. खतातलं आत वळलेलं, पिळलेलं, तिन्ही कुंड्यांत सारखंच. बाई चष्मा पुसून पुन्हा बघत राहिल्या. तबेलेवाल्याला फोन लावला तर तो म्हणाला, हो, या वर्षी गवत दुसरीकडून आणलं, स्वस्त पडलं. त्या रात्री बाईंनी ठरवलं की सकाळी आठच्या आधी जाऊन सांगायचं. हे खरं आहे, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्या सांगायलाच निघाल्या होत्या.

पोचल्या तर फाटक उघडं. ताईकडे दुसरी किल्ली होती, आणि ती मुलांना घेऊन साडेसहालाच आली होती, ऊन वाढायच्या आत काम उरकावं म्हणून. ढकलगाडीच्या आठदहा खेपा झाल्या होत्या. सहाच्या सहा वाफे काळेभोर. आणि मधल्या वाफ्यात बाईंची सून, गुडघ्यापर्यंत माखलेली, गालावर खत, ताईच्या खांद्यावर डोकं टेकून कशावर तरी इतकी हसत होती की तिला उभं राहवत नव्हतं. आठ वर्षांत बाईंनी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांच्या घरात तर नाहीच.

बाई फाटकात उभ्या राहिल्या. तोंड उघडलं होतं. ताईने हात वर करून ओरडून सांगितलं की बाई, काय खत झालंय म्हणता, सोनं आहे सोनं. सगळी मुलं वळून बघायला लागली. जे सांगायचं होतं ते बाईंनी गिळलं. त्या म्हणाल्या, नीट मिसळा. मग खोलीत जाऊन खुरपं घासत बसल्या. घासण्यासारखं त्या खुरप्यात काही उरलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी खिडकीतल्या सहाही कुंड्या रिकाम्या केल्या. यजमानांनी घड्याळ उघडून टेबलावर मांडलं होतं. त्यांनी मान वर न करता विचारलं, घेवडा कुठे गेला? बाई म्हणाल्या, वाळला. सतरा दिवस पाणी घातलेला घेवडा एका रात्रीत वाळतो का, एवढं ते म्हणाले आणि पुन्हा घड्याळात शिरले. बाईंनी मनाशी हिशेब केला की पाऊस पडेल, माती धुऊन निघेल, सगळ्याच झाडांना काही होत नाही. स्वतःला फसवायचं म्हटलं की माणूस फार हुशार होतो.

टोमॅटोची रोपं लावली. प्रत्येक रोपापाशी आइस्क्रीमच्या काडीवर लावणाऱ्याचं नाव. पंधरा दिवसांत शेंडे वाकडे व्हायला लागले. महिन्याभरात पानं दोरीसारखी वळली. बाईंच्या बाजूला टोमॅटो कंबरेला लागले होते आणि मधल्या पायवाटेपलीकडे लहान मुलांच्या इस्पितळासारखी कळा आली होती. ताई रोज येऊ लागली. पानं उलटून बघे, कॉलेजातल्या मास्तरांना फोन करी, कीड शोधी. कीड नव्हती. शेवटी एका दुपारी ती बाईंकडे आली. आकाशी गमबुटांवर चिखल वाळलेला, डोळे सुजलेले.

‘बाई, जरा बघता का? मला काही कळत नाहीये.’

बाई गेल्या. खाली बसल्या, पान हातात घेतलं, जणू पहिल्यांदाच बघताहेत. मूग गिळून गप्प बसणं वेगळं आणि तोंडाने खोटं बोलणं वेगळं, आणि आतापर्यंत ताईपाशी त्यांनी फक्त पहिलं केलं होतं.

‘पाणी जास्त होतंय,’ त्या म्हणाल्या.

ताईने मनापासून आभार मानले आणि पाणी तोडलं. मग जे थोडंफार तग धरून होतं तेही गेलं. घरी सून जेवेनाशी झाली. तिचं रोप तिसऱ्या वाफ्यात होतं, तिने आयुष्यात लावलेलं पहिलं. एका रात्री ती भांडी विसळताना म्हणाली, आई, तुम्हाला तर सगळं कळतं, माझं काय चुकलं असेल? बाईंनी सांगितलं की रोपच ते, माणूस नव्हे, एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं. मग अंथरुणावर पडल्यावर त्यांना आनंद व्हायला हवा होता. सुंठीवाचून खोकला गेला होता. आनंद झालाही, थोडा. पण तो जुन्या भाकरीसारखा घशात अडकत होता आणि वर पाणी प्यावं लागत होतं.

पिकाचा दिवस उजाडला. सगळा गाव लोटला. बाईंचे सहा वाफे म्हणजे दृष्ट लागावी असे. लाल टोमॅटोंनी फांद्या वाकलेल्या, काकड्या, कोबी, कांदे, काय नव्हतं? बाई ठेवणीतली साडी नेसून आपल्या वाफ्यापाशी उभ्या राहिल्या. लोक आले, वा वा म्हणाले, एकेक टोमॅटो खाल्ला, आणि मग सगळे पायवाट ओलांडून पलीकडे गेले. ताईला धीर द्यायला. बेकरीवाली तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, लाँड्रीवाला आपल्या गच्चीवरची झाडं कशी मेली होती ते सांगत होता, मुलं तिच्या हाताला लोंबकळत होती. मेलेल्या झाडांभोवतीसुद्धा गर्दी तिचीच. बाई आपल्या लालबुंद टोमॅटोंमध्ये एकट्या उभ्या होत्या आणि त्यांना वाटलं की या मुलीने मरून दाखवलं तरी हिलाच जास्त माणसं येतील. इतकं वाईट त्यांच्या मनात आलं, आणि आलं ते आलं.

पोस्टमास्तर बाकावर चढले. नोटीस वाचली. पीक सर्वांनी पाहिलेलं असल्याने समितीला निर्णय घेणं अवघड नाही, पुढील हंगामापासून जागा बाईंच्या नावावर राहील. टाळ्या झाल्या. ताईनेही वाजवल्या, आणि मग म्हणाली, मला दोन शब्द बोलायचेत.

ती म्हणाली की चूक तिची आहे. पाण्याचा अंदाज चुकला, बाईंनी सांगितल्यावर सुधारलं पण उशीर झाला. मुलांची मेहनत वाया गेली त्याबद्दल तिने मुलांची माफी मागितली. मग ती म्हणाली, ‘खताला मात्र कुणी नावं ठेवू नका. खत बाईंच्या हातचं आहे. त्यात चूक असूच शकत नाही.’ आणि नव्या ढिगातलं निम्मं खत अजून शिल्लक आहे, तर आज प्रत्येकाने पिशवी भरून घरी न्यावं, गच्चीत, खिडकीत, जिथे चार रोपं असतील तिथे घालावं, मुलांना निदान घरचे टोमॅटो तरी मिळतील. नाहीतरी दुकानातल्या पोत्यापेक्षा हे शंभरपट चांगलं.

लोकांना फार आवडलं. बघता बघता ढिगापुढे रांग लागली. कुणी पिशव्या काढल्या, कुणी बादल्या आणल्या, बेकरीवालीने पिठाची रिकामी पोती मागवली. आणि रांगेतली माणसं बाईंकडे वळून बोलायला लागली. एक म्हणाला, आमच्या आईचं मोगऱ्याचं झाड तुमच्या खतावर पंधरा वर्षं तगलंय. दुसरी म्हणाली, बाई, तुम्ही नसता तर आम्हाला माती म्हणजे काय कळलं नसतं. बेकरीवालीने सगळ्यांदेखत सांगितलं की गांडुळांना घाबरून पळालेली ती मीच, आणि लोक हसले, आणि बाईंकडे बघून हसले, प्रेमाने. वर्ष-दीड वर्ष ज्या एका गोष्टीसाठी बाई आतून करपल्या होत्या ती ओंजळ भरून त्यांना मिळत होती. सगळा गाव रांगेत उभा होता आणि रांग त्यांच्या हातच्या खताची होती.

सुनेने फावडं हातात घेतलं. ती पहिली पिशवी भरायला लागली, लाँड्रीवाल्याची. ‘आईंचं खत आहे,’ ती त्याला म्हणाली. आवाजात अभिमान होता. ‘जपून वापरा.’

बाई कधी चालत गेल्या ते त्यांनाही कळलं नाही. ठेवणीतल्या साडीसकट त्या ढिगावर जाऊन बसल्या. अक्षरशः बसल्या, दोन्ही हात पसरून. लोकांना वाटलं बाईंना चक्कर आली. कुणीतरी पाणी आणायला धावलं.

‘पिशवी ओत,’ बाई सुनेला म्हणाल्या. ‘परत ओत इथे. कुणी हात लावायचा नाही. हे विष आहे.’

मग त्यांनी सांगितलं. गोड करून सांगायला त्यांना कधीच येत नव्हतं, त्या दिवशीही आलं नाही. घेवडा वळला होता. शुक्रवारीच वळला होता. शनिवारी मी सांगायला आले आणि सांगितलं नाही. पाणी जास्त झालं हे खोटं. हिची काही चूक नाही, एक झाडही हिच्या चुकीने मेलेलं नाही. पोस्टमास्तर अजून बाकावरच होते, त्यांनी हातातला कागद घडी करून खिशात घातला. बेकरीवालीने विचारलं, पण का, बाई?

‘मला हिचं चांगलं बघवत नव्हतं,’ बाई म्हणाल्या. ‘दुसरं काही कारण नाही.’

मुलं तिथेच होती. आपल्या नावाच्या काड्या उपटून हातात घेतलेल्या होत्या त्यांनी. रांग हळूहळू मोडली. लाँड्रीवाल्याने रिकामी पिशवी झटकली, पुन्हा झटकली, आणि घडी घातली. ताई पुढे आली आणि ढिगापाशी उकिडवी बसली, म्हणजे दोघींची तोंडं समोरासमोर आली.

‘मी पाणी तोडलं तेव्हाही तुम्हाला माहीत होतं?’

‘हो.’

‘आज मी खत वाटायचं काढलं नसतं, तर सांगितलं असतंत?’

बाईंना वाटलं, इथे हो म्हणावं. एवढं तर म्हणावं. कोण तपासणार आहे?

‘नाही,’ त्या म्हणाल्या.

ताईने मान हलवली. म्हणाली, बरं झालं. हो म्हणाला असतात तर मी आयुष्यात तुमच्याशी बोलले नसते. मग ती उठली आणि मुलांना म्हणाली, चला, फळ्या आणा, हा ढीग झाकून टाकायचाय. मुलं उठली. बाईंना उठताना हात द्यायला मात्र कुणी आलं नाही. यजमान गर्दीत मागे होते, ते आले.

किल्ली ताईकडे गेली. समितीने वेगळी नोटीस काढली नाही, काढायची गरजच नव्हती. त्या सहा वाफ्यांत ताईने मका पेरला, कारण त्याला ते तणनाशक बाधत नाही, आणि ढीग दोन वर्षं झाकून ठेवायचं ठरवलं. बाई शनिवारी सकाळी भाजी निवडू लागल्या. आठ वाजले की त्यांचे हात थांबत. सून अकरा दिवस कामापुरतं बोलली. बाराव्या दिवशी कपडे वाळत घालताना ती म्हणाली, ‘आई, माझं रोप मेलं याचं काही नाही. मी विचारलं तुम्हालाच होतं.’ बाईंनी चिमटे पुढे केले, सुनेने घेतले, आणि मग हळूहळू बोलणं सुरू झालं, पण जपून, तडा गेलेल्या कपात चहा घ्यावा तसं.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर एका संध्याकाळी ताई जिना चढून घरी आली. हातात झाकणाचा डबा. नुसत्या पालापाचोळ्याचं खत लावलंय, लीद बंद केली, म्हणाली, आणि तयार झालं की नाही ते समजत नाहीये. बाईंनी ओट्यावर जागा केली. खत मुठीत घेतलं, दाबलं, नाकाशी नेलं, बोटांनी मोडलं. यजमानही घड्याळ सोडून बघायला आले.

‘अजून वीस दिवस,’ बाई म्हणाल्या. ‘आत ऊब आहे. आत्ता घातलंस तर मुळं भाजतील. एकदा उलथून घे आणि थोडं पाणी मार.’

ताईने डब्याचं झाकण लावलं.

‘वीस दिवस थांबते,’ ती म्हणाली. ‘पण तुमच्या नुसत्या शब्दावर आता नाही जाता येत, बाई. मी कॉलेजातही तपासून घेईन.’

‘घे,’ बाई म्हणाल्या. ‘मीही घेतलं असतं.’

चहा झाला. सून ताईला सोडायला खाली गेली. बाईंनी ओटा पुसला, हात धुतले, नखांतली माती काढत उभ्या राहिल्या. जिन्यातून दोघींचं हसणं वर आलं, बराच वेळ येत राहिलं, आणि बाईंच्या पोटात दुखलं, अगदी पूर्वीइतकंच.